परत आलेले खण

मी कुणाची ओटी भरत नाही. नवरा धडधाकट आहे, मुलंबाळं आहेत, मनाई कसलीच नाही. तरी घरात हळदीकुंकू असलं की ताट सुनेच्या हातात देते आणि चहाचं बघायला आत जाते. सुरुवातीला नातेवाइकांत कुजबुज झाली. एका नणंदेनं तोंडावरच विचारलं, "वयनी, हाताला काय इख लागलंय काय तुमच्या?" मी म्हटलं, "लागलंय." ती खदखदून हसली. तिला चेष्टा वाटली.

कोडोलीहून लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा मी दहावी नापास होते. पहिली काही वर्षं पाठीवर गाठोडं टाकून गल्लीगल्लीतून खण आणि साड्या विकल्या. मग महाद्वार रोडला एका बोळाच्या तोंडाशी एवढुशी जागा मिळवली. मिळवली म्हणजे मालकाच्या दारात रोज सकाळी जाऊन बसले, तो कंटाळून हो म्हणेपर्यंत. दुकान सांभाळत दहावी काढली, बारावी काढली, बाहेरून बी.ए. केलं. कुणी बोट धरलं नाही. हे सांगायचं कारण एवढंच, की मला जे येत होतं ते मी रस्त्यावर शिकले होते आणि ते चुकीचं असू शकतं असं मला कधी वाटलं नव्हतं.

नव्वदीच्या मध्याला एकदा दुकानासमोर एका नवरा-बायकोचं साडीच्या रंगावरून भांडण लागलं. बायको रडायला लागली, नवरा चालता झाला. मी त्याला हाक मारून परत बोलावलं, दोघांना आत बसवलं आणि अर्ध्या तासात साडी विकून दोघांना हसत घरी पाठवलं. तिथं एक निवृत्त मुख्याध्यापिका खण बघत बसल्या होत्या. त्या एका संस्थेचं कुटुंब सल्ला केंद्र चालवायच्या. आम्ही पुढं त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. बाई उठताना म्हणाल्या, "तू आमच्याकडं ये. आमच्या शिकलेल्या पोरींना हे जमत नाही."

अशी मी समुपदेशक झाले. सकाळी केंद्र, संध्याकाळी दुकान. केंद्र लक्ष्मीपुरीत, धान्याच्या दुकानांच्या वरच्या दोन खोल्यांत. खालून हमालांचा आरडाओरडा, पोत्यांची धूळ आणि मिरचीचा ठसका दिवसभर वर यायचा. माहेरी परत आलेल्या बायका, त्यांच्या सासरची माणसं, दोन्हीकडचे जाणते यांना समोरासमोर बसवायचं आणि तडजोड करायची, हे आमचं काम. मला ते सौद्यासारखंच वाटलं, आणि सौदा माझ्या हातचा मळ होता. गिऱ्हाईक वाटेच्या बाजूला बसलं की उठून जातं, म्हणून त्याला आतल्या बाजूला बसवायचं. त्याला एकट्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही. आणि ते गप्प झालं की पुढं बोलायचं नाही, घडी करून पिशवीत घालायला लागायचं. ते गप्प झालं म्हणजे सौदा झाला.

ओटीची पद्धत माझीच. तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या की मी दुकानातला खण, मूठभर तांदूळ आणि नारळ घेऊन त्या बाईची ओटी भरायची आणि मग तिला सासरी पाठवायची. माहेरून लेक निघावी तशी. ओटी भरताना सगळ्यांचे आवाज खाली यायचे. सासवा डोळे पुसायच्या. नवरे मान खाली घालायचे. एकदा तर एक सासरा माझ्या पाया पडायला वाकला. बाईंना हे फार आवडलं. एका स्थानिक पेपरात चार ओळीही आल्या आणि ते कात्रण बाईंनी भिंतीवर लावलं. बाकीच्या चौघी समुपदेशक माझं बघून ओटी भरायला लागल्या, पण खण माझ्याकडूनच न्यायच्या.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मिरजेहून एक मॅडम यायच्या. मानसशास्त्राच्या जाणकार, किडकिडीत, पांढऱ्या सुती साडीतल्या, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येणाऱ्या. आम्ही पाचजणींनी टेबलाभोवती बसून महिन्यातली एकेक केस सांगायची आणि त्यांनी प्रश्न विचारायचे. कागदोपत्री त्याचं नाव पर्यवेक्षण होतं. आम्ही म्हणायचो 'मॅडमचा गुरुवार'. मला बाजारातले वजनमापवाले ठाऊक होते. ते आले की चांगला तराजू पुढं ठेवायचा आणि चहा मागवायचा. मी मॅडमपुढं तेच करायची. जुळलेल्या केसेस तेवढ्या सांगायची.

मॅडमना दाराचं वेड होतं, असं आम्ही त्यांच्यामागं म्हणायचो. आल्या आल्या आधी दार सताड उघडायच्या. एकदा मी म्हटलं, "मॅडम, खालचा दंगा येतोय."

"येऊ दे. बाहेर काय चाललंय ते कळलं की माणूस आत निवांत बसतं."

मारहाण सोसलेल्या बाईला दाराच्या बाजूला बसवा, म्हणायच्या. दार लावायचं असेल तर तिला विचारून लावा. जे झालं ते पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, कारण दर वेळी ती त्या खोलीत जाऊन येते. फार घाबरलेलं माणूस भांडतं, नाहीतर पळतं, आणि दोन्ही जमलं नाही की गोठतं. गोठलेलं माणूस सगळ्याला हो म्हणतं. आणि आम्हालाही विचारायच्या, "हे ऐकताना तुमच्या अंगात काय झालं?" त्यावर आम्ही एकमेकींकडं बघून ओठ दाबायचो. हे सगळं मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. वही अजून आहे. आणि खोलीत जाऊन मी आधी करत होते तेच करत राहिले.

त्या सुमारास ती आली. हातकणंगल्याच्या पुढच्या एका गावात दिलेली, माहेर सीमेकडचं, त्यामुळं मला पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हणायची. वय असेल बावीस-तेवीस. कडेवर मुलगी. नवरा यंत्रमागावर कामाला, तेल लावून भांग पाडलेला, बोलायला गोड. मारायचा. तिनं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि मी तिला तीनदा सांगायला लावलं, कारण मला अर्जात सगळं हवं होतं.

पहिल्या बैठकीला मी तिला भिंतीच्या बाजूला बसवलं आणि शेजारी सासूला. मग नवऱ्याला फैलावर घेतलं. "हात उचलायला लाज वाटत न्हाय? परत तक्रार आली तर तुला पोलिसांत उभा करीन." तो म्हणाला, "चुकलं अक्का." मी एकेक अट घालत गेले. चूल वेगळी, पगार तिच्या हातात द्यायचा, दारू बंद. त्यानं एका अटीवर कां-कूं केली तेव्हा मी दुसरी सोडली आणि ती पदरात पाडून घेतली. मला रंग चढला होता. मधूनमधून तिला विचारत होते, "चालंल न्हवं?" ती म्हणायची, "व्हय अक्का." सह्या झाल्या. मी डाळिंबी रंगाचा खण काढला आणि तिची ओटी भरली.

चार महिन्यांनी ती परत आली. मनगटाला फडकं बांधलेलं. पुन्हा बैठक, पुन्हा तोच भांग पाडलेला नवरा. या वेळी मी आणखी ओरडले आणि आणखी दोन अटी घातल्या. "व्हय अक्का." या वेळी चिंतामणी रंगाचा, निळसर खण.

तिसऱ्या बैठकीची तारीख मीच दिली होती. सासरची माणसं यायच्या तासभर आधी ती आली. मुलगी खांद्यावर झोपली होती. ती काही बोलली नाही. पिशवीतून दोन खण काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले. डाळिंबी आणि चिंतामणी. घडी तशीच, माझ्या दुकानात घालायची तशी. शिवले नव्हते, धुतले नव्हते, हळदीकुंकवाचा एक कण नव्हता. ठेवले आणि माझ्याकडं बघत बसली. ती कधी कुणाकडं बघायची नाही. त्या दिवशी बघत होती.

मी म्हटलं, "का गं? रंग न्हाय आवडला व्हय?"

ती बघतच राहिली.

आयुष्यभर मी बायकांना खण परत आणताना पाहिलं होतं. खण परत आला की एकच अर्थ, बदलून हवा. मी ओटीच्या खणांची टेबलाखालची ट्रंक उघडली आणि हिरवा, रुंद काठाचा काढला. आधीच्या दोन्हींपेक्षा भारीतला. "ह्यो बघ. तुझ्या अंगावर खुलंल."

तिची नजर खाली गेली. म्हणाली, "व्हय अक्का."

तासाभरानं सासरची माणसं आली. कागद झाला. मी त्याच हिरव्या खणानं तिची ओटी भरली. तिनं पदर दोन्ही हातांनी पुढं धरला होता आणि तिचे हात इतके हलत होते की तांदूळ फरशीवर सांडले. मी म्हटलं, "अगं, नीट धर की." ती गेल्यावर मी ते तांदूळ वेचले आणि ते दोन खण परत ट्रंकेत ठेवले. माल कोराच होता. चिंतामणी रंगाचा पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका बाईच्या ओटीत गेला.

पुढच्या गुरुवारी मी हीच केस सांगितली, आणि गंमत म्हणून सांगितली. तीन बैठका झाल्या, पण शेवटी संसार मार्गी लागला, आणि बघा, गिऱ्हाइकासारखी खण बदलून घेऊन गेली. चौघीजणी हसल्या. बाईही हसल्या. त्या दिवशी खाली मिरचीची पोती उतरत होती आणि सगळ्यांना ठसका लागला होता, म्हणून मॅडमनीच दार लावून घ्यायला सांगितलं होतं. हे मी विसरलेले नाही. दार त्यांनी लावलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. "ती कुठं बसली होती?"

"आत, भिंतीकडं."

"तिच्या आणि दाराच्या मधे कोण?"

"सासू. आणि नवरा."

"तिला माहेर आहे?"

"न्हाय. आईबाप गेले. एक चुलता हाय, तो दारात उभा करत न्हाय." हे अर्जात माझ्याच अक्षरात होतं.

"म्हणजे ओटी भरणारं माहेर एकच. तुम्ही." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सगळ्यांसमोर माहेरानं ओटी भरल्यावर तिनं नाही कसं म्हणायचं? तोंडानं म्हणता येत नव्हतं म्हणून तिनं ते दोन खण टेबलावर ठेवले. तिनं नाही म्हटलं होतं. तुम्ही तिला तिसरा दिलात."

माझ्या कानशिलांत जाळ उठला. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही महिन्यातनं एकदा गाडीत बसून येता, दारं उघडता आन् जाता. संसार आम्ही उभं करतोय."

"खाली बसा."

मी बसले नाही. तेव्हा त्या बाईंकडं वळून म्हणाल्या, "यांनी तीन महिने एकटीनं केस घ्यायची नाही. आणि या केंद्रात ओट्या बंद." माझ्याकडं बघूनसुद्धा बोलल्या नाहीत. माझी वही टेबलावर आपटली, काखेत मारली आणि मी जिना उतरले.

भिंतीवरचं कात्रण महिनाभरात निघालं. वर्षभरानं मुख्य समुपदेशकाची जागा निघाली ती माझ्यानंतर आलेल्या, समाजकार्याची पदवी घेतलेल्या एकीला मिळाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. घायाळ माणसाला चारचौघांत उघडं पाडू नका, हे ज्या मॅडमनी मला शिकवलं त्यांनीच मला बंद दाराआड पाचजणींसमोर उघडं पाडलं होतं. मी ती गोष्ट धरून ठेवली. दुकानात एकटी बसले की मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची आणि दर वेळी जिंकायची.

त्या तीन महिन्यांतच मी त्या गावाला गेले. तिच्या काळजीनं गेले असं लिहायला बरं वाटलं असतं. मी पुरावा आणायला गेले होते. ती चुलीपुढं बसलेली दिसली, हिरव्या खणाची चोळी अंगावर असली, की मी गुरुवारी मॅडमच्या तोंडावर ते मारणार होते. केंद्राची बाई दारात आली तर घरात तिला त्रास होईल, एवढं मला कळत होतं. म्हणून जुनं गाठोडं काढलं आणि खणवाली होऊन गेले. एस.टी.नं हातकणंगले, पुढं चालत.

सासू दारातच शेंगा फोडत बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं. गाठोड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"या की. आता काय इकायला आलासा?"

"सून कुठं हाय?"

"गेली."

"कुठं गेली?"

"सकाळी पानी आणायला म्हणून गेली, पोरगीला घिऊन. घागर हिरीवर हाय. ती न्हाय." शेंग फोडून तिनं दाणे सुपात टाकले. "अन् आमास्नी काय इचारता? वटी कुनी भरलीती? तुमीच न्हवं? मग तुमच्याकडंच आली आसंल की म्हायराला."

शेजारची एक बाई भिंतीपलीकडून ऐकत होती. मी तिच्याकडं बघितलं तर ती म्हणाली, "आमाला काय म्हाईत न्हाय बया," आणि आत गेली. विहिरीत गळ टाकून बघितलं होतं, काही सापडलं नव्हतं, एवढं मात्र तिनं आतूनच सांगितलं. दारातून आतल्या दोरीवर मला तो हिरवा खण दिसला. घडी घातलेला. तोही शिवला नव्हता.

बाईंनी पोलिसांत कळवलं. नवऱ्याचे जबाब झाले. चुलत्याकडं माणूस जाऊन आला. कुणी म्हणालं कर्नाटकात कुणा आत्याकडं दिसली, कुणी म्हणालं मिरजेच्या स्टेशनवर. तिचा पत्ता लागला नाही. पुढच्या गुरुवारी मी मॅडमना ती गेली एवढंच सांगितलं. सासू काय म्हणाली ते नाही, दोरीवरचा खण नाही. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला बोलायचं आहे?" मी म्हटलं, "न्हाय."

तेव्हापासून ती मला दिसते. जोतिबाच्या चैत्री यात्रेत सगळ्या बायका गुलालानं एकसारख्या झालेल्या असतात. तिथं एकदा मी गर्दीत एकीचा दंड धरला. तिनं हात झटकला, "कोण वं पावणं तुमी?" आणि कडेवरची मुलगी घट्ट धरली. स्टँडवर दिसते, दवाखान्याच्या रांगेत दिसते. नेहमी कडेवर मुलगी. ती मुलगी आता शाळेत जायच्या वयाची झाली असेल, मग वयात आली असेल, असं माझंच डोकं हिशोब करतं. तरी डोळे शोधतात ते कडेवर मूल असलेल्या बाईलाच. दुकानात कुणी खण परत आणला की माझा हात दुसऱ्या खणाकडं जात नाही. मी आधी विचारते, "काय झालं?" आणि बाई गोंधळून बघत राहते.

डाळिंबी खण मी विकला नाही. ट्रंकेच्या तळाशी राहिला.

मी पुढं शिकले. रागानं शिकले. समुपदेशनाची पदविका घेतली, पुण्याला प्रशिक्षणं केली. मॅडमचं बोलणं उतरवलेली वही पुन्हा काढली आणि तिच्यातलं एकेक वाक्य खरं निघायला लागलं तसा माझा राग वाढतच गेला. दोन हजार सालानंतर मॅडमचे गुडघे गेले, जिना चढवेना. तोवर केंद्रात सगळ्यांत जुनी मीच उरले होते. गुरुवार माझ्याकडं आला आणि मी तो दर आठवड्याला घ्यायला लागले. मीही दार उघडायला लागले. पोरी माझ्यामागं काय म्हणत असतील ते मला ठाऊक होतं. प्रत्येक केसला मी एक प्रश्न विचारायची, "तिनं नाही कसं म्हटलं?" म्हटलं का, असं विचारायची नाही. कुठंतरी म्हटलेलंच असतं. मुलाला उगीच चापट मारते, पाण्याचा पेला हातात धरून बसते पण पीत नाही, तारखेच्या दिवशी तासभर आधी येते. ते सापडेपर्यंत मी केस पुढं जाऊ द्यायची नाही.

एका गुरुवारी एका नव्या पोरीनं केस सांगितली. सांगताना ती हसली. तिची बाई दर वेळी बैठकीच्या मधेच बाथरूमला जाते आणि लवकर येत नाही, मग सासरचे वैतागतात, असं काहीतरी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेवटचं आठवतं, "तुझ्या हातात माणूस द्यायच्या लायकीची न्हाईस तू." पाचजणींसमोर. पोरगी रडली नाही. पांढरी पडली आणि म्हणाली, "हो मॅडम." ती ज्या पद्धतीनं हो म्हणाली ते मी आधी ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. शनिवारी मी मिरजेची गाडी धरली.

मी भांडायला गेले होते. इतक्या वर्षांची बाकी वसूल करायची होती. जे तुम्ही मला केलंत तेच माझ्या हातून झालं, हे तुमच्याकडून आलं, आता माफी मागा, असं सगळं गाडीत जुळवून ठेवलं होतं. मॅडम भिंतीच्या आधारानं चालत दार उघडायला आल्या. खूप वाळल्या होत्या. बसल्या बसल्या मी सुरू झाले. तो गुरुवार, बंद दार, मिरचीचा ठसका, तीन महिने, भिंतीवरचं कात्रण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "मला तो दिवस आठवत नाही."

मी मिरचीच्या पोत्यांची पुन्हा आठवण करून दिली.

"खरंच नाही आठवत. मी तसं बोलले असेन. तेव्हा मी फार बोलायची." थोडा वेळ त्या गुडघा चोळत राहिल्या. "पण ती बाई आठवते. दोन खण टेबलावर ठेवणारी. ती पुढं सापडली का?"

मी आयुष्यभर जे भांडण जिंकत आले होते ते त्यांच्या गावीही नव्हतं. मला विसरल्या होत्या आणि तिला नाही. मी घाईघाईनं, चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, "व्हय की. सापडली. कर्नाटकात आत्याकडं हाय. मुलगी शाळेत जाते. बरं चाललंय."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या आणि डोळे मिटले.

मी उठले. त्या दारापर्यंत आल्या. चप्पल घालत होते तेव्हा हळूच म्हणाल्या, "गुरुवारी या. आवाज न चढवता सांगता आलं तर सांगा. नाहीतर नुसत्या या."

परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आलं की त्यांनी माझ्याकडं खरं काय ते मागितलं होतं आणि मी त्यांच्या हातात भारीतला हिरवा खण ठेवून आले होते.

रविवारी मी त्या पोरीच्या घरी गेले. तिनं दार अर्धंच उघडलं. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हटलं, "माझं चुकलं. चारचौघीत बोलले ते चुकलं. तू ये किंवा येऊ नको, मी विचारायला परत येणार न्हाय." तिनं दार लावून घेतलं. बुधवारी कामावर आली.

गुरुवारी मी मिरजेला गेले. आमची बैठक मंगळवारवर ढकलली. ट्रंकेच्या तळातून डाळिंबी खण काढून पिशवीत घातला होता. मॅडमनी मला दाराच्या बाजूची खुर्ची दिली आणि दार उघडंच ठेवलं. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. मी खण काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. सगळी वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही तोंडातून निघेना. मी नुसती त्यांच्याकडं बघत बसले.

त्यांनी खणाला हात लावला नाही. बाजूलाही सारला नाही.

"बोलायचंय, की बसायचंय?"

"बसायचंय."

बसलो. भांडी घासून झाली, बालदी ओतल्याचा आवाज आला. माझे हात हलायला लागले तेव्हा मी ते मांडीखाली घेतले. पुष्कळ वेळानं मी म्हटलं, "ती सापडली न्हाय मॅडम. मला म्हाईत न्हाय कुठं हाय. तिनं माझ्याकडं तीनदा माहेर मागितलं आन् मी तिला तीनदा धाडलं. तिसरा खणसुद्धा तिनं नेला न्हाय. दोरीवर होता."

मॅडम म्हणाल्या, "हं." एवढंच. धीर दिला नाही, तुमची चूक नाही म्हणाल्या नाहीत. ते म्हणाल्या असत्या तर मी पुन्हा गेले नसते. मी त्यांच्याकडं त्यानंतर कितीतरी गुरुवार गेले, त्या होत्या तोवर. आम्ही कधी माझ्या पोरींच्या केसेस बोलायचो, कधी तिचं. त्यांनी त्या दिवसाची माफी मागितली नाही. आठवतच नव्हतं तर कशाची मागणार? आणि मीही ती गोष्ट सोडलेली नाही. आजही कधी दुकानात एकटी बसले की माझं त्यांच्याशी भांडण होतं. फक्त आता मी दर वेळी जिंकत नाही.

खण माझ्याकडंच आहे. तो तिचा आहे, म्हणून कुणाला देता येत नाही. मिरजेला जाण्याचं काही काम निघालं की तो पिशवीत असतो. जाताना आणि येताना गाडी हातकणंगल्याला थोडा वेळ थांबते. मी जागा सोडून दारात येऊन उभी राहते. कुणाला चढायचं असेल तर वाट सोडून, एका बाजूला.